सगळे व्होल्टेज बरोबर, तरी ऑसिलेटर गप्प!

दिनू_साऊंडवाला · रात्री ११.४२

राम राम मंडळी. कराडजवळच्या गावात माझा साऊंडचा धंदा आहे. लग्न, जत्रा, हरिनाम सप्ताह, गणपती. चार टॉप, चार बेस, दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि सप्त्यासाठी राखलेले जुने भोंगे. मांडवात सगळं जोडलं की कुठली वायर तुटली, कुठलं युनिट गेलं हे शोधायला एकसारखा वाजणारा सूर लागतो. नाहीतर पोराला माईकवर "हॅलो हॅलो, वन टू थ्री" करत अर्धा तास उभं करायचं, आणि तो चहाला गेला की काम बंद.

मोबाईलवर टोनचं अ‍ॅप मिळतं हे मला माहीत आहे, तेवढं सोडून सांगा. मागच्या वर्षी देवळासमोर भोंगे तपासताना अ‍ॅपच चालू होतं आणि नेमका फायनान्सवाल्याचा फोन आला. रिंग वाजली ती वाजली, वर गडबडीत माझं बोट हिरव्या बटणावर पडलं. "दिनकरराव, दोन हप्ते थकलेत" हे अख्ख्या आळीनं ऐकलं. त्यामुळे मला फोन नको, वेगळी डबी हवी.

आणि खरं सांगायचं तर जुना हिशेबही चुकता करायचा आहे. १९९८ ला आयटीआयमध्ये हेच सर्किट प्रॅक्टिकलला होतं, फेज शिफ्ट ऑसिलेटर, म्हणजे बॅटरीवर आपणहून सूर काढणारं सर्किट. माझं वाजलं नाही. शेजारच्याचं वाजलं, मी जर्नलमध्ये त्याचीच आकृती उतरवून सही घेतली. आता तीच आकृती झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) केली आहे.

एकच ट्रान्झिस्टर, बीसी५४७. कलेक्टरला ४.७ के (के म्हणजे हजार ओहम). बेसला प्लसकडून ४७ के, ग्राउंडकडून १० के. एमिटरला १ के आणि त्याच्या अंगावर, म्हणजे समांतर, ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. कलेक्टरकडून बेसकडे १०३ लिहिलेले (०.०१ मायक्रोफॅरडचे) तीन कपॅसिटर ओळीनं, मधल्या दोन सांध्यांवरून १० के ग्राउंडला. सप्लाय ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. आउटपुट कलेक्टरवरून १०४ च्या (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटरमधून.

मीटरवर बॅटरी ८.९, बेस १.५३, एमिटर ०.८९, कलेक्टर ४.७२. आवाज शून्य. मोबाईलचा हेडफोन लावला, गप्प. ८ ओहमचा छोटा स्पीकर लावला, गप्प. मिक्सरच्या माईकला दिलं, तिथंही गप्प, पण वायरला बोट लावलं की भुर्रर्र येतं, म्हणजे मिक्सर शाबूत आहे.

आता गंमत बघा. मीटर एसीवर टाकून कलेक्टरला लावला तर ९.५ व्होल्ट दाखवतो! ८.९ च्या बॅटरीतून साडेनऊ एसी. म्हणजे आत काहीतरी हलतंय ना? मग बाहेर का येत नाही? तीन ट्रान्झिस्टर बदलले, सगळे सांधे दोनदा डाग दिले. बायको म्हणते गणपती उठायच्या आत तरी उठा.

प्रथमेश_ईअँडटीसी · रात्री ११.५८

दादा, पहिला संशय ट्रान्झिस्टर उलटा बसल्याचा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन२२२२ च्या प्लास्टिकवाल्यात बऱ्याचदा बरोबर उलटं असतं. दुसरं, १०३ ऐवजी १०४ तर नाहीत ना पडलेले?

आणि ५५५ का नाही वापरत? आठ पायांची चिप, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, पहिल्या फटक्यात वाजते. आमच्या कॉलेजात फेज शिफ्टवाल्या टेबलावर कोणी बसायला तयार नसतं.

दिनू_साऊंडवाला · रात्री १२.१०

पाय बरोबर आहेत, भिंगातून बघितले. मीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये (ट्रान्झिस्टर करंट किती पट करतो ते दाखवतं) तिन्ही ट्रान्झिस्टर घालून बघितले, २८७, ३०१, २६४. कपॅसिटर १०३ च आहेत.

५५५ चा आवाज चौकोनी लाटेचा, करवतीसारखा कर्कश. भोंग्यावर दहा मिनिटं ऐकला की समोरची म्हातारी काठी घेऊन येते. मला शिट्टीसारखा गुळगुळीत सूर पाहिजे. आणि वर लिहिलंय तसं, १९९८ चं येणं बाकी आहे.

जुना_रेडिओ · सकाळी ६.३५

दिनूभाऊ, सकाळच्या चहाबरोबर तुमचं वाचलं. मी सोलापूरला चाळीस वर्षं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून नुसता सल्ले देतो.

आधी त्या साडेनऊ व्होल्टचा निकाल लावू, कारण तुम्ही त्याच्या नादानं भरकटलात. तुमचा मीटर पिवळा, साधा, एसीचे दोनच रेंज असलेला असणार, २०० आणि ७५०. त्यात एसी मोजायला आत एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग, असतो आणि डीसी अडवायला काहीच नसतं. डायोडमधून अर्धी लाट जाते असं धरून आकडा सव्वादोन पटीच्या आसपास फुगवून दाखवायची त्याची रचना. तुम्ही त्याला नुसता डीसी दिलात, ४.७२. त्यातून डायोडचा थोडा ड्रॉप वजा करा, राहिलेल्याला सव्वादोनानं गुणा. तुमचे साडेनऊ आले. आत काहीही हलत नाही. खात्री करायची तर तसेच एसीवर ठेवून लाल-काळी लीड अदलाबदल करा, शून्य दिसेल. खरा एसी असता तर उलटसुलट सारखंच दिसलं असतं.

खरं मोजायचं तर कलेक्टरवरून ०.१ चा कपॅसिटर, त्याच्या पलीकडे १०० के ग्राउंडला, आणि मीटर त्या १०० के वर. नुसता कपॅसिटर लावून भागत नाही. मीटरचा डायोड एकाच बाजूनं करंट खेचतो, कपॅसिटर भरून बसतो आणि चालू सर्किटही मेलेलं दिसतं.

आता मूळ दुखणं. तुमचे डीसीचे चारही आकडे कागदावरच्या हिशेबाशी जुळतात. म्हणून ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर यांना मी सोडून देतो. जे डीसीत दिसतच नाहीत ते उरले, कपॅसिटर. कपॅसिटर आतून तुटलेला असला तरी डीसीला त्याचा पत्ता नसतो.

तीन कपॅसिटरचं जाळं सिग्नल १८० अंश फिरवतं आणि फिरवता फिरवता खाऊन टाकतं. पुस्तकी हिशेबानं २९ पट खाली आणतं. तेवढं ट्रान्झिस्टरनं परत चढवलं तर लाट टिकते, नाहीतर उगवायच्या आधीच मरते. आणि पुस्तक जाळ्यावर पुढचा भार धरत नाही, प्रत्यक्षात याहून जास्तच लागतं. एमिटरवरचा ४७ चा कपॅसिटर नीट असेल तर तुमचा ट्रान्झिस्टर शंभराच्या वर सहज चढवतो. तो नसेल तर कलेक्टरचे ४.७ के भागिले एमिटरचे १ के, झालं, पावणेपाच पट. पावणेपाचानं एकोणतिसाचा खड्डा भरत नाही.

एक विचारतो, तो ४७ चा कपॅसिटर नवा आणलात की घरातला?

दिनू_साऊंडवाला · सकाळी ७.०५

काका, साष्टांग नमस्कार. लीड उलट्या केल्या. शून्य! रात्रभर मी त्या साडेनऊच्या मागं.

कपॅसिटर घरातलाच. वडिलांच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या बोर्डावरून काढला. बाकीचा माल पुण्याला पासोड्या विठोबाजवळून आणला होता, तिथं ४७ चा घ्यायचा राहिला. दिसायला चांगला आहे पण, फुगलेला नाही, गळलेला नाही. कंटिन्युइटीला लावला, शॉर्ट नाही.

जुना_रेडिओ · सकाळी ७.२०

शॉर्ट नाही म्हणजे चांगला, असं नाही. इलेक्ट्रोलिटिकच्या आत ओला कागद असतो, तो वर्षानुवर्षं सुकत जातो. फुगणं हे नवीन काळातलं लक्षण, जुने गुपचूप वाळून जातात, लोणच्याच्या फोडीसारखे. मीटर २००० के ओहमवर ठेवा, कपॅसिटर सुटा करा, पाय एकमेकांना टेकवून रिकामा करा, मग लाल प्लसला, काळी मायनसला. चांगला असेल तर आकडा हळूहळू चढत जाईल. वाळलेला असेल तर लागल्या लागल्या १ (म्हणजे रेंजच्या बाहेर) दाखवून गप्प. माझ्या काळी सुईचा मीटर होता, सुई उडी मारून सावकाश परत यायची. ती बघायला मजा यायची, डिजिटलला ती नाही.

पण एवढंही करू नका. चालू सर्किटमध्येच त्याच्या अंगावर दुसरा चांगला कपॅसिटर नुसता टेकवून बघा, २२ ते १०० मधला कुठलाही. प्लस पाय एमिटरकडे. आम्ही अर्ध्याअधिक रेडिओ असेच शोधले.

आणि ऐकायला हेडफोन, स्पीकर काहीही लावू नका. मिक्सरच्या लाईन इनला द्या, तेही मधे १०० के चा रेझिस्टर घालून. का ते नंतर सांगतो.

दिनू_साऊंडवाला · सकाळी ९.५०

वाजलं!!!

गावातल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडून १०० चा नवा आणला. पाय टेकवला आणि मिक्सरचा हिरवा दिवा लागला. फेडर वर घेतला, कूंऽऽऽ. पाय उचलला की बंद, टेकवला की चालू. पाच मिनिटं मी तेवढंच करत बसलो होतो. नंतर जुना ४७ चा सोडवून तुमच्यासारखं मोजलं, आकडा जागचा हलला नाही.

घरात पेटी आहे, पोरगी भजनीमंडळात वाजवते. तिनं सूर जुळवून दिला, वरच्या सप्तकातली पांढरी तीन, जरा उतरलेली. प्रथमेश, सूत्रानं किती यायला हवं होतं?

प्रथमेश_ईअँडटीसी · सकाळी १०.१५

अभिनंदन दादा! पुस्तकी सूत्र म्हणजे १ भागिले (२ × π × रूट सहा × आर × सी), आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर. १० के आणि ०.०१ घातले की साधारण ६५० हर्ट्झ. पांढरी तीन म्हणजे ई, वरच्या सप्तकातला ई ६५९ चा. म्हणजे तुमच्या मुलीचा कान आणि पुस्तक जवळपास एकाच जागी आले. नशीबही आहे थोडं, कारण पुस्तकात कलेक्टरचा रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरची इनपुट इंपिडन्स (बेसकडून दिसणारा अडथळा) धरत नाहीत. एक सूर खाली ओढतं, दुसरं वर.

खरं सांगू, मीसुद्धा त्या एसी रेंजच्या आकड्याला फसलो असतो. आम्हाला सरळ सीआरओवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बसवतात, मीटरच्या आत काय आहे हे कोणी उघडून दाखवत नाही.

दिनू_साऊंडवाला · दुपारी ४.३०

काका, नवी भानगड. १०० के काढून सरळ लाईन इनला दिलं तर वाजतं, पण सूर थोडा सरकतो. तेच माईकच्या जॅकला दिलं की आवाज मरतो. जॅक काढला की मीटरवर परत १.९ एसी (तुमच्या १०० के वाल्या पद्धतीनं), घातला की शून्य. सगळ्या मांडवात लाईन इन मोकळी मिळेलच असं नाही हो, माईकची वायरच हाताशी असते.

जुना_रेडिओ · संध्याकाळी ६.१०

म्हणूनच सकाळी स्पीकर लावू नका म्हटलं. या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर एकाच वेळी दोन घरं सांभाळतो. एकीकडे बाहेर सिग्नल द्यायचा, दुसरीकडे जाळ्याला परत पाठवायचा. लाईन इन १० के च्या आसपास, ती थोडंच मागते, म्हणून नुसता सूर सरकला. माईकचं इनपुट हजार-दोन हजार ओहमचं, ते जाळ्याच्या ताटातलंच ओढून घेतं आणि लाट उपाशी मरते. ८ ओहमचा स्पीकर तर कलेक्टरला सरळ जमिनीवरच झोपवतो. तुमचा कपॅसिटर पहिल्या दिवशी धडधाकट असता तरी त्या हेडफोनवर तुम्हाला काही ऐकू आलं नसतं, एवढं लक्षात घ्या. दोन आजार एकावर एक होते.

उपाय सोपा, तुमच्याकडे दोन ट्रान्झिस्टर उरलेत ना? एकाचा बेस सरळ पहिल्याच्या कलेक्टरला, मधे काही नको. त्याचा कलेक्टर प्लसला. एमिटरवरून २.२ के ग्राउंडला. एमिटरवर चार व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. तिथून १० मायक्रोफॅरड, प्लस पाय एमिटरकडे, पुढे १० के चा व्हॉल्यूम कंट्रोल, मधल्या पायावरून बाहेर. हा दुसरा ट्रान्झिस्टर सिग्नल वाढवत नाही, नुसता भार अंगावर घेतो.

माईकला देताना व्हॉल्यूम अगदी खालून सुरू करा. माईक मिलिव्होल्ट देतो, तुमची डबी व्होल्ट देते. आणि एक्सएलआरला (माईकच्या तीन पिनांच्या सॉकेटला) देणार असाल तर मिक्सरवरचं फँटम बंद आहे ना हे आधी बघा. कंडेन्सर माईकसाठी ते ४८ व्होल्ट वायरवर सोडतात. तुमच्या १६ व्होल्टच्या कपॅसिटरला ते मानवायचं नाही.

अजून एक, सूर शिट्टीसारखा पाहिजे म्हणालात. एमिटरचा कपॅसिटर थेट असला की ट्रान्झिस्टर जोर जास्त लावतो आणि लाटेचं डोकं वरखाली चपटं होतं. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर आणि १ के यांच्या मधे १०० ओहमचा प्रीसेट (पेचकसानं फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) घाला, कपॅसिटर फक्त १ के च्याच अंगावर राहू द्या. प्रीसेट शून्यावरून हळूहळू वाढवा, एका जागी आवाज बंद पडेल, तिथून केसभर मागे या. सगळ्यात गोड सूर तिथं. अगदी काठावर मात्र ठेवू नका, बॅटरी उतरली की सुरूच होणार नाही.

माईक_टेस्टिंग · रात्री ८.४५

मधेच बोलतो. मीही साऊंडवाला, सांगलीकडचा. सूर सलग चालू ठेवून व्हॉल्यूम जास्त चढवू नका. गाण्यात चढउतार असतो, युनिटच्या कॉईलला श्वास मिळतो. सलग सुरात नाही मिळत, कॉईल तापतच राहते. मी अ‍ॅपवर दोन ट्विटर असेच जाळलेत.

आणि १०३ चे ते चॉकलेटी सिरॅमिक काढून पॉलिस्टरचे घाला. साधे सिरॅमिक उन्हात बदलतात, दुपारी मांडवात सूर सरकत राहतो. तपासणीला चालतं, पण पेटीशी जुळवून दाखवायचं असेल तर पंचाईत होईल.

दिनू_साऊंडवाला · तीन दिवसांनी, रात्री १०.२०

झालं काम. दुसरा ट्रान्झिस्टर लावला, एमिटरवर ४.०८. माईकच्या जॅकला दिलं तरी सूर जागचा हलत नाही. पॉलिस्टरचे तीन घातले. प्रीसेट फिरवताना काकांनी सांगितलेली जागा बरोबर सापडली, आधी भोंग्यातून किंचित किरकिरायचं, तिथं आल्यावर बासरीसारखं झालं. डबी म्हणून प्रवासी साबणाची डबी वापरली, निळी. झाकणाला व्हॉल्यूम आणि स्विच, बाजूला जॅक. पोरीनं वर मार्करनं "पां. ३" लिहिलं.

आज सप्त्याच्या मांडवात पहिल्यांदा नेली. सात भोंगे, त्यातला एक मुका. डबी लावली, पोराला चहाला पाठवलं आणि एकटा वायर धरून चालत गेलो. पिंपळाखालचा सांधा, टेप काढली तर आत तांबं हिरवं पडलेलं. दहा मिनिटांचं काम, पूर्वी तास गेला असता.

वाळलेला ४७ चा मी टाकला नाही. टूलबॉक्समध्ये वेगळ्या पुडीत ठेवलाय, पोराला विचारायला, सांग हा चांगला की वाईट.

फायनान्सवाल्याचा फोन आजही आला होता. खिशातच वाजला.

जुना_रेडिओ · रात्री १०.४०

पुडीवर नाव लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच तो परत लावाल. माझ्या दुकानात असं दोनदा झालंय.